मधल्या सुट्टीचा ठराव

१८ जून

प्रिय काका,

वाकून नमस्कार करते. वाकलेच आहे तर पत्राला उशीर झाला म्हणून पाठीत एक धपाटाही घालून घ्या, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

शाळा सुरू झाली. यंदा मला तिसरी मिळाली आहे. खोली कोपऱ्यातली, दोन खिडक्या पटांगणाकडे उघडणाऱ्या. फळ्याच्या उजव्या बाजूवर खडू उमटत नाही. मुलं मात्र सगळीकडे उमटतात.

वेळापत्रकात नागरी मूल्यांचा तास आहे. पुस्तकात पानापानावर वाक्यं: 'सर्वांना समान वागवावे', 'दुसऱ्याच्या मताचा आदर करावा'. मुलं ती सुरात म्हणतात आणि म्हणता म्हणता शेजारच्याला कोपराने ढोसतात. मला वाटलं, पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का? म्हणून दर शनिवारी वर्गसभा सुरू केली. मुलांनी विषय मांडायचा, उलटसुलट बोलायचं, हात वर करून मत द्यायचं. पहिला विषय होता कचऱ्याची बादली दाराशी ठेवायची की खिडकीशी. अशी जुंपली की दोघांनी डबे आपटले. शेवटी दार जिंकलं. सोमवारी मी सवयीने बादली खिडकीकडे सरकवली तर अख्खा वर्ग ओरडला, "बाई, ठराव!" काका, मला इतका आनंद आजवर कुठल्या निकालानेही झाला नव्हता.

तुम्ही इमारतीच्या रहिवासी मंडळाचे सचिव. इतक्या सभा चालवल्यात, तर मला चार गोष्टी सांगा. समीती वगैरे नेमावी का?

वर्गात एक नवी मुलगी आली आहे. बोलते कमी, डोळ्यांत बघत नाही, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत बसते. "हिला जरा वेगळं समजून घ्यावं लागतं," असं तिची आई म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही. मधल्या सुट्टीत ही मधूनच अशी किंचाळते की मुख्याध्यापिका खोलीबाहेर येतात. मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं, 'शिट्टी'. मी दटावलं. आता कुजबुजत म्हणतात.

काकू कशी आहे? तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ती झोपलेली. तुमच्याकडे राहून कॉलेज करत होते तेव्हा दुपारी आडवी झाले तर माझी उशी काढून घ्यायची ती!

तुमची पुतणी

२६ जून

मास्तरीणबाई,

आशीर्वाद. 'समिती'तला 'मि' ऱ्हस्व. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता घरची पत्रं तरी शुद्ध वाचू दे.

सभेचं म्हणशील तर समिती नेमू नकोस. ज्या कामाचा निकाल नको असतो त्याला समिती नेमतात. सभेत एका वेळी एकानेच बोलावं. आमच्याकडे हे अजून जमलेलं नाही, तिसरीतल्यांना जमेल. ठरावात कुणाचं नाव घालू नये. नाव घातलं की ठराव राहत नाही, भांडण होतं. 'अमुक यांनी पाणी सांडू नये' असं न लिहिता 'जिन्यात पाणी सांडू नये' असं लिहावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, बहुमताने ठरलं की ते सगळ्यांवर बंधनकारक, अध्यक्षावरसुद्धा. तो वाकला की सभा मोडली.

काकू मजेत आहे. दुपारी झोपते हल्ली, वय झालं. फोनपेक्षा पत्रच बरं.

तुझा काका

१६ जुलै

प्रिय काका,

तुमचे नियम मी जसेच्या तसे लावले आणि तोंडावर आपटले.

आमच्या वर्गात एक कॅप्टन आहे. दोन वेण्या, गुडघ्यावर कायम एक ताजी जखम, पळण्यात पहिली. मधल्या सुट्टीतली पकडापकडी तिच्या शब्दावर चालते. दुष्ट नाही हो, उलट न्यायाची चाड असलेली पोर आहे. मागच्या शनिवारच्या सभेत ती उभी राहिली. "बाई, आमचा खेळ रोज मोडतो. किंचाळणं ऐकलं की सगळे थांबतात, मग भांडण होतं आणि घंटा होते."

मी म्हटलं, "कुणाचं नाव घ्यायचं नाही." (तुमचा नियम!)

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "जो कोणी खेळ मोडेल, त्याला मधल्या सुट्टीत खेळात घ्यायचं नाही."

नाव कुणाचंच नव्हतं, पण सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. चर्चा करा म्हटलं, तर सगळ्यांचं एकच मत. मत टाकायला सांगितलं. हात वर झाले. आणि काका, सगळ्यांत उंच, कोपरातून ताठ झालेला हात कुणाचा होता सांगू? तिचाच. शिट्टीचा.

तिला कळलं नसेल? की सगळे करतात म्हणून केलं? चेहऱ्यावर तर समाधान होतं, जणू फार दिवसांचं काम मार्गी लागलं.

त्या दिवसापासून ती रोज खेळायला जाते. "ठराव आहे," म्हणून मुलं परत पाठवतात. ती नळाशी जाऊन उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते, काहीच न घडल्यासारखी.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "रद्द करून टाक. तू बाई आहेस की नाही?" रद्द केला तर मुलं काय शिकतील? की मोठ्यांना आवडेल तेवढंच मत खरं. नाही केला तर काय शिकतील? की हात जास्त असले की एखाद्याला बाहेर काढता येतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, 'सर्वांना समान वागवावे' हे पान उघडून बसलेली.

काय करू?

तुमची पुतणी

२४ जुलै

मास्तरीणबाई,

ठराव म्हणजे ठराव. तुझा जीव तुटतो हे समजतं, पण एकदा मोडलास की पुढच्या प्रत्येक वेळी मोडावा लागेल.

आमच्याकडेही असाच एक विषय आलाय. इमारतीतल्या एक बाई दुपारी जिन्यात फिरतात आणि लोकांच्या दारांतल्या चपला-बूट उचलून नेतात. तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर परवा दवाखान्यात एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्यात शेजाऱ्याची सपात घालून पोचले. पेशंट आ करायचं विसरून पायांकडेच बघत बसले म्हणे. तक्रारीवर निम्म्या इमारतीच्या सह्या आहेत. 'संबंधितांनी आपल्या घरातील व्यक्तीस एकटीने बाहेर सोडू नये, अन्यथा तिची सोय अन्यत्र करावी', असा मसुदा आहे. मसुदा मीच शुद्ध करून दिला. लोकांचंही चूक नाही. सप्टेंबरच्या सभेत येईल.

पण एक विचारतो. त्या पोरीने हात वर का केला? मुद्रितात एखादा शब्द अगदीच विचित्र दिसला की नवखा माणूस तो खोडतो. जुना माणूस आधी मूळ प्रत काढून बघतो. तू मूळ प्रत बघितलीस का?

काका

६ ऑगस्ट

प्रिय काका,

बघितली! तुमच्या तोंडात साखर पडो.

ठराव मोडला नाही. सभेत म्हटलं, "ठराव पाळायचा तर खेळ कोण मोडतं, कधी, कसा, हे आधी बघायला नको? नुसत्या आवाजावरून कसं ठरवायचं?" गुप्तहेर व्हायचं म्हटल्यावर तिसरीतलं कोण मागे राहतंय! ठरलं असं, की पाहणी संपेपर्यंत सगळे खेळणार, तीसुद्धा. रोज काही जणांनी खेळायचं नाही, पायऱ्यांवर बसून फक्त बघायचं. एकाने घरून दुर्बीण आणली, पुठ्ठ्याची.

पहिले दोन दिवस काहीच हाती लागेना. ती मध्येच किंचाळायची, मुलं एकमेकांकडे बघून खांदे उडवायची. तिसऱ्या दिवशी एक इवलासा हेर धावत आला, माझी ओढणी धरून खाली ओढली आणि कानात म्हणाला, "बाई, ती खोटं बोललं की वाजते."

मग मीही पायऱ्यांवर बसले. खरंच हो! ज्याच्यावर राज्य आहे त्याने कुणाला शिवलं आणि तो "लागलंच नाही!" म्हणाला, की किंकाळी. पकडला जातोय म्हटल्यावर कुणी "टाइम प्लीज" केलं, की किंकाळी. नियम ठरला होता एक आणि खेळता खेळता वाकवला, की किंकाळी. बाकीच्यांना हे लटकं भांडण खेळाचाच भाग वाटतं. तिला वाटत नाही.

कॅप्टन पायऱ्यांवर होती त्या दिवशी एकटक खेळच बघत होती. नंतर म्हणाली, "काल दोनदा माझ्यामुळे वाजली ती."

संध्याकाळी नळाशी मी त्या मुलीला विचारलं, "त्या दिवशी हात का वर केलास गं?" ती नळाच्या तोटीकडे बघत म्हणाली, "ते मोडतात. मी नाही मोडत."

काका, ठराव आपल्याविरुद्ध आहे हे तिला ठाऊकच नव्हतं! तिला वाटलं, शेवटी एकदाचा आपल्या बाजूने कुणीतरी नियम केला. आणि म्हणून ती रोज खेळायला जात होती.

आता तुमच्या इमारतीचं. त्या चपलावाल्या बाईंना कुणी विचारलंय का, की चपला कशाला नेता? नेऊन करतात काय? मला तर फार उत्सुकता आहे. आणि त्यांच्या घरचे काय करतात? तक्रारीवर निम्म्या इमारतीच्या सह्या होईपर्यंत घरातला एकही माणूस बोलायला पुढे येत नाही म्हणजे कमालच म्हणायची. लाजत असतील. अशा लोकांना खरं तर आमच्या तिसरीत आणून बसवलं पाहिजे!

काकूला सांगा, तिच्यासारखी उशी ओढणारी आता मीच झाले आहे.

तुमची पुतणी

२५ ऑगस्ट

काका, उत्तर नाही. फोनही उचलत नाही. काही चुकीचं लिहून गेले का? दोन ओळी तरी टाका. शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात तरी चालेल.

२ सप्टेंबर

बेटा,

तू चुकीचं काही लिहिलं नाहीस. ती बाई तुझी काकू आहे.

दीड वर्ष होत आलं. आधी गॅस बंद करायची विसरायची, मग शब्द, मग माणसं. तुला कळवलं नाही, कुणालाच नाही. लोक भेटायला आले की ती तेच तेच विचारायची आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवायचं नाही. म्हणून मी माणसांना यायचंच बंद केलं. आज तिला बरं नाही, आज झोपली आहे, आज आम्ही बाहेर जातोय, असं काहीतरी सांगायचं. तुलाही तेच सांगितलं. तक्रार आली तेव्हा इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं कुणाबद्दल आहे. नाव मात्र कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. नाव न घालण्याचा नियम मीच तुला शिकवला, नाही का?

तुझं पत्र आलं त्या दिवशी रागावलो. फाडणार होतो. मग दुपारी तिला बाहेर जाता येऊ नये म्हणून दाराला नवी कडी लावली, वरच्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही अशी. ती कडीखाली उभी राहून दार ओढत राहिली. ओरडली नाही. घाबरी झाली की ती आता ओरडत नाही, नुसती ओढते. मी ते बरेच दिवस ऐकलं.

परवा कडी काढली आणि तिच्या मागे मागे गेलो. हळूहळू जिना चढली, प्रत्येक दाराशी थांबली, कुठे जोड, कुठे एकच बूट उचलून पदरात घेतला. आमच्या दाराशी आली आणि खाली बसून सगळे नीट जोडीने मांडले, टाचा भिंतीकडे. मी विचारलं, "कशाला आणतेस गं या?"

एवढ्या दिवसांत हे मी पहिल्यांदाच विचारलं.

ती म्हणाली, "दाराशी चपला असल्या की घरात माणसं असतात."

आणि आत जाऊन बघायला लागली, कोण कोण आलंय.

दोन आठवड्यांनी, रविवारी, सभा आहे. सचिव म्हणून ठराव मलाच वाचायचा आहे. काय वाचू?

काका

७ सप्टेंबर

प्रिय काका,

पत्र वर्गातच उघडलं. मुलं म्हणाली, "बाई, डोळ्यांत खडू गेला का?" हो म्हटलं.

त्या 'घरच्या लोकांबद्दल' जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. पण तुम्ही एकट्याने हे सगळं केलंत त्याचा रागही येतो. मी काय परकी होते? सहामाही परीक्षा झाली की मी तिकडे येते आहे. 'ती झोपली आहे' हे उत्तर चालणार नाही.

तुम्ही विचारलंत, काय वाचू. मला माहीत नाही. आमच्याकडे काय झालं तेवढं सांगते.

खरं कळल्यावर मुलांनी तिला पंच केलं. मला वाटलं, वा, सुटलं कोडं! कसलं काय. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बाद केलं. कॅप्टनला तर पळायच्या आधीच, रेघेवर बोट टेकलं म्हणून. मुलं चिडली, ती रडकुंडीला आली. मी जवळ गेले तर म्हणाली, "मला पंच नको. मला राज्य पाहिजे." बाकी सगळे राज्य टाळायला पळतात आणि हिला तेच हवं होतं! आम्ही तिला मानाची जागा दिली, पण खेळायला कुणी घेतलंच नव्हतं.

मग शनिवारची सभा आली. तोवर मुलांना ठरावाची चटक लागलेली. एकाने मांडलं, रडणाऱ्यांनाही घ्यायचं नाही. दुसऱ्याने मांडलं, हळू पळणाऱ्यांना नको. तिसरा म्हणाला, शेंबूड पुसत नाहीत त्यांना नको. मी मध्ये पडले नाही, फक्त फळ्यावर लिहीत गेले. प्रत्येक जण स्वतःला त्यात शोधत होता. शेवटी कॅप्टन म्हणाली, "मग खेळणार कोण?"

ती डोकं खाजवत उभीच राहिली. "बाई, बादली कुठे ठेवायची यावर मत घेतलं ते बरोबर. पण कुणाला ठेवायचं, यावर मत घ्यायचंच कशाला?"

काका, हे वाक्य पुस्तकात नाही. मी शपथेवर सांगते, मी शिकवलेलंही नाही.

पहिला ठराव मुलांनी स्वतः मागे घेतला. अगदी सगळ्यांनी नव्हे. दोघे अजून कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं मी ऐकून घेते, कारण किंकाळीने कान खरोखर दुखतात. आता ती किंचाळली की सगळे थांबतात आणि कुणीतरी विचारतं, "काय झालं?" बहुतेकदा कुणीतरी लबाडी केलेली असते. परवा मात्र नुसतं विमान गेलं होतं. तिला नावाने हाक मारायला लागलेत. म्हणून मीही यापुढे पत्रात तिचं ते दुसरं नाव लिहिणार नाही.

एक मात्र सुचवते. सभा काकूबद्दल आहे तर काकूला घेऊन जा.

तुमची पुतणी

२० सप्टेंबर

बेटा,

घेऊन गेलो.

तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. तिला शेजारी बसवलं तशी कुजबुज सुरू झाली. डॉक्टर उठून माझ्या कानाशी आले, "अहो, यांच्यासमोर कसं बोलायचं आम्ही?" मी म्हटलं, "माझंही तेच झालं होतं, डॉक्टर. म्हणून मी दीड वर्ष बोललोच नाही."

ठराव वाचायला उभा राहिलो. कागद हातात होता, एकही चूक नसलेला. वाचवेना. म्हटलं, "यात 'संबंधित' लिहिलंय तो मी. 'व्यक्ती' लिहिलंय ती ही. तुमच्या चपला गेल्या, त्रास झाला, त्याची भरपाई कशी करायची यावर खुशाल मत घ्या, मी मान्य करीन. पण हिने इथे राहायचं की नाही यावर मी मत घेणार नाही. घ्यायचंच असेल तर दुसरा सचिव शोधा." आणि ती चपला का नेते ते सांगितलं. आणि मध्येच खाली बसलो.

तेवढ्यात तुझी काकू उभी राहिली. सगळ्यांवरून नजर फिरवली. इतकी माणसं बघून तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "अगंबाई, सगळे आलात! उभे का? बसा ना." लोक बसलेलेच होते. तरी दोघे-तिघे उठून पुन्हा बसले.

चमत्कार काही झाला नाही हं. एक कुटुंब रागावून सभेतून निघून गेलं, त्यांनी बूट आत ठेवायला सुरुवात केली आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. डॉक्टर म्हणाले, "माझ्या जुन्या सपाता बाहेरच ठेवत जाईन, त्या नेऊ देत." पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई आहे, तिच्याशी मी कधी चार शब्द बोललो नव्हतो. ती म्हणाली, "दुपारी माझ्याकडे पाठवा. मशीन चालू असली तरी बोलायला मला वेळच वेळ आहे." आता रोज जाते. कधी रमते, कधी लगेच परत येते. एखाद्या दिवशी मला ओळखतही नाही. त्या दिवशी मीही पाहुणाच असतो, आणि माझं चांगलं आगतस्वागत होतं.

तू ये. परीक्षेची वाट बघू नकोस, एखादा रविवार काढ.

हे लिहीत असताना ती शेजारी बसली आहे. कुणाला पत्र, म्हणून विचारलं. तुझं नाव सांगितलं, शिकवतेस म्हटलं. मलाही लिहायचंय म्हणाली. खाली तिची अक्षरं आहेत, मी काहीही दुरुस्त केलेलं नाही.

काका

बाळ वर्गात आवाज चढवू नको मुलं घाबरतात. डबा खात जा. तू आलीस की आपन खूप बोलू. हे म्हणतात खाली नाव लीही. नाव आत्ता आठवत नाही पण मीच आहे.